नोंदणी क्रमांक एक

डेव्हलपर मंडळींनी हौसेने भरवलेलं दोन दिवसांचं मोफत संमेलन आटोपलं, तरी नोंदणीच्या टेबलावर उन्मेषचा बिल्ला पडूनच होता. आयोजक केतकीने तो हळूच पर्समध्ये टाकला.

दरवर्षी पहिली नोंदणी आपलीच व्हावी म्हणून उन्मेषने प्रोग्राम लिहून ठेवला होता. फेब्रुवारीत अपघातात तो गेला. प्रोग्राम चालूच राहिला.

फुकटात जागा अडवून न येणाऱ्यांना खरमरीत मेल धाडायची पद्धत केतकीनेच पाडलेली. सवयीने तिने बटण दाबलं; यादीत पहिलं नाव उन्मेषचं आहे, हे मेल गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.

उत्तर लगेच आलं. "ताई, मी उन्मेषची आई. त्याचा फोन माझ्याकडे असतो. जागा अडली, माफ करा. पोरगा नाव काढील, म्हणायचे सगळे. आता ते तुमच्या यादीतून कसं काढायचं, तेवढं सांगाल?"