दुसरा कप

"हा माणूस घरात नाही," डोळे न उघडताच कानसेन म्हणाले.

ती चपापली. श्रुतिका सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली होती. "काका, आत्ताच तर बोलला तो. नीट ऐका ना."

"बोलला. छान बोलला. पण घरात नाही."

स्टुडिओत सगळे त्यांना कानसेनच म्हणत. आवाजाला आवाज जोडण्यात तीस वर्षं गेली होती. खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. नवोदितांच्या दहा श्रुतिकांपैकी चार रेडिओवर प्रसारित व्हायच्या होत्या, आणि पाच वाजेपर्यंत हिची श्रुतिका पलीकडच्या खोलीत, निवड करणाऱ्या मोठ्या बाईंकडे पोचायला हवी होती. पहिलीवहिली. लिहिलेली तिनेच, दिग्दर्शनही तिचंच. घड्याळात सव्वातीन झाले होते आणि हे गृहस्थ कोड्यात बोलत होते. तिला रागच आला.

गोष्ट साधी होती. नवरा-बायको सकाळी समोरासमोर बसून चहा पितात, बस. संवाद दोन नटांनी इथेच येऊन म्हटले होते. बाकीचे आवाज मात्र तिने स्वतःच्या घरी टिपून आणले होते. स्टुडिओतले तयार आवाज मला नकोत, खऱ्या घरातले खरे आवाज हवेत, असं बाईंना तिनेच छाती पुढे काढून सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कानसेनांनी तो तुकडा पुन्हा लावला. कप ठेवल्याचा आवाज. मग दुसरा कप. मग एक खुर्ची सरकली. मग दुसरी.

"ऐकलंस? सगळे कसे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे आहेत. अगं, दोन माणसं बसली की असं होतं का? ती कप ठेवते तेव्हा हा खुर्ची ओढत असतो. ती बोलत असते आणि हा मध्येच चमचा वाजवतो. आवाज एकमेकांच्या अंगावर पडतात. इथे कुणी कुणाच्या मध्ये येतच नाही." त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "हे हात एकाच माणसाचे आहेत."

चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा तापला. दोन्ही खुर्च्यांवर तीच आळीपाळीने बसली होती. पुरुषाची पावलं जड वाजावीत म्हणून मोठ्या मापाच्या चपला विकत आणल्या होत्या. त्या घालून चालायच्या सरावात अख्खी दुपार गेली होती. दुसरा कप मांडायला मात्र सराव लागला नव्हता.

"घरातलं कुणीतरी बसवायचं की समोर," कानसेन म्हणाले. "आई, भाऊ. कुणी नाही तर शेजारीण."

"एकटीच असते मी, काका."

ते जरा ओशाळले. मग उठलेच. "बरं, त्यात काय! मी बसतो समोर. आत कप आहेत, घेऊन येतो. दहा मिनिटांत उरकून टाकू. नाहीतरी मला तरी कोण चहाला बोलावतंय!"

तिने मान डोलावली. म्हणणं बरोबरच होतं. ते आत गेल्यावर तिने आपला हेडफोन कानाला लावला आणि नटांचे संवाद बंद करून नुसते आपले आवाज ऐकले. फ्रिजची घरघर. कप. कप. खुर्ची. जड चपलांची चार पावलं, आणि तीच चार पावलं परत. त्या घरात ती सहा वर्षं राहत होती, पण ते बाहेरून कसं ऐकू येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

कानसेन दोन कप घेऊन दारात आले.

"काका, कप नकोत. नवऱ्याचा आवाज बंद करा."

"कुठला? हा तुकडा?"

"सगळा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण जागा मिटवू नका. तो बोलतो तेवढी जागा तशीच राहू दे."

"वेडी की काय! दोन दिवस घसा कोरडा केला त्या बिचाऱ्याने. त्याला काय सांगशील?"

"पाया पडेन त्याच्या. शेवटी नटांच्या नावांत त्याचं नावही राहू द्या. नवरा गोष्टीत आहेच, काका. फक्त घरात नाही."

कानसेनांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कडेवर मूल घ्यावं तसे दोन्ही कप डाव्या हाताने छातीशी धरून उभ्याउभ्याच उजव्या हाताने बटणं दाबली.

"झोप लागली का नीट?" नटीने विचारलं. फ्रिजची घरघर.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" पुन्हा घरघर, या वेळी जरा लांब. मग ती बाई खुदकन हसली. "चला, काहीतरीच तुमचं!" आणि दुसऱ्या कपात चमचा फिरला.

श्रुतिका संपली तरी कानसेनांनी कप खाली ठेवले नव्हते. "जा घेऊन बाईंकडे," ते म्हणाले. "याला आता हात लावायचा नाही." मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि त्या दुसऱ्या कपातला चहा? तो ओतून देते वाटतं ही बाई?"

ती घड्याळाकडे बघत घाईघाईने कागद गोळा करत होती.

"छे, ओतून कशाला देऊ?" ती म्हणाली. "गार झाला की पिते मी."