रडवणारा सिनेमा

नांदेडच्या थिएटरात सिनेमा संपला, तरी पूनमचं रडू थांबेना. सिनेमातला हरवलेला कुत्रा नदीनाले ओलांडून मालकाच्या दारात परतला होता. सुदर्शननेही डोळे टिपले. त्याने बायकोला आपला रुमाल दिला.

"माणसाला तरी हाय का वो एवढी माया?"

"न्हाई," सुदर्शन म्हणाला.

दोघं घरी आले, तर दारात त्यांचा शेरू. पाय रक्ताळलेले, शेपटी मात्र हलत होती. नव्या सोफ्यावर केस गळतात म्हणून सुदर्शनने परवाच त्याला जीपमधून नायगावला सोडलं होतं.

पूनमने डोळे पुसून रुमाल परत केला.

"म्हणलं होतं ना, नायगाव जवळ पडतंय? उद्या इस्लापूरला सोडा. अन् पोत्यात घालून न्या, वाट बघून ठेवतंय मेलं!"