गोगलगाय वेळेवर

“गोगलगाय आलीय,” बंदरावरचा कारकून फोनवर म्हणाला, आणि ताईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

“आलीय म्हणजे?”

“म्हणजे दिसतेय. दुपारी धक्क्याला लागेल.”

ताईंनी फळ्याकडे पाहिलं. तिथे अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: गुरुवार. आणि आज कुठे शुक्रवारच होता, त्या गुरुवारला अजून सहा दिवस होते. कागदोपत्री जहाजाची तारीख आजचीच होती हे खरं, पण कागदावरच्या तारखेला जहाज येतं, यावर माल उतरवून घेणाऱ्या त्या कचेरीत कुणाचाच विश्वास नव्हता.

गोगलगाय हे कचेरीनं ठेवलेलं नाव. परदेशातून दर तीन महिन्यांनी माल घेऊन येणारं ते छोटंसं जहाज अकरा वर्षांत एकदाही वेळेवर आलं नव्हतं. सहा दिवस उशीर. कमी नाही, जास्त नाही. हा शोध अण्णांचा. मालाला वाटेत काय काय होऊ शकतं याची आधीच काळजी वाहायची, हीच त्यांची नोकरी. पहिल्या खेपेला जहाज सहा दिवस लांबलं, आणि तेव्हापासून अण्णा सगळ्यांना सहा दिवस पुढची तारीख देऊ लागले. ट्रक त्या तारखेला, हमाल त्या तारखेला, कोल्ड स्टोरेजमधली जागा त्या तारखेला. आणि जहाजही, शहाण्या मुलीसारखं, बरोबर त्याच तारखेला. भिंतीला दोरीनं टांगलेल्या वहीत अण्णा उशिराचं कारण लिहीत. कुठलंही पान उघडा, कारण एकच: खराब हवामान. लोक म्हणत, अण्णांना समुद्र कानात येऊन सांगतो. अण्णा हात जोडून वर बघत आणि म्हणत, मी कोण सांगणारा, सगळी त्याची कृपा.

त्याच अण्णांचं काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जाण्यापूर्वी त्यांनी ताईंना शंभर सूचना दिल्या. “अरे, मुख्य सांगायचं राहिलंच,” म्हणत दारातून परतही फिरले होते, पण सुनेनं दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं. ताईंनी आता तिलाच फोन लावला. ती म्हणाली, बाबांचा फोन मी कपाटात कुलपात घातलाय, डॉक्टरांनी आठ दिवस कचेरीचं नावही काढू नका म्हणून सांगितलंय. कालपासून झोपेतसुद्धा ‘फोन, फोन’ करतायत, पण मी देणार नाही.

जहाजाच्या पोटात बागवाल्या काकूंची सफरचंदाची चार हजार रोपं होती. काकूंची जुनी बाग रोगानं गेली होती. उरलंसुरलं सगळं त्यांनी या रोपांत घातलं होतं, आणि पुन्हा एकदा असं करायला त्यांच्यापाशी काही राहिलं नव्हतं. रोपं थंड पेटीत गाढ झोपलेली. पेटीची वीज गेली, की ती आतल्या आत जागी होणार, अंधारात कोंब फोडणार आणि दोन दिवसांत कुजणार. जहाजावर वीज होती. धक्क्यावरचे सगळे प्लग बुधवारपर्यंत दुसऱ्यांच्या पेट्यांनी अडवलेले होते.

ताईंनी एकापाठोपाठ एक फोन फिरवले. कोल्ड स्टोरेजचा मुकादम म्हणाला, ताई, आत मासे गच्च भरलेत, गुरुवारी पहाटे निघतील, अण्णांनी गुरुवारच सांगितलं होतं ना? ट्रकवाला डोंगरापलीकडे भाडं घेऊन गेला होता, कारण अण्णांनी गुरुवार सांगितलं होतं. काकूंचे तर निम्मे खड्डेच खणायचे होते. “अण्णांच्या तारखेवर विसंबून मी दाढ काढायचा दिवस ठरवते,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. “ताई, माझी रोपं जगतील ना?”

ताईंनी त्यांना जगतील म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर देवाला सांगितलं, की आता तू बघ.

एकच रस्ता उरला होता, आणि तो लाजेचा होता. अकरा वर्षं ज्या कप्तानाच्या नावानं त्यांनी बोटं मोडली, ज्याच्या जहाजाला गोगलगाय म्हणून हसल्या, तो बिचारा जन्मात एकदा वेळेवर आला होता. आणि आता त्यालाच उशिरा ये म्हणून विनवायचं होतं. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि नंबर लावला.

“कप्तानसाहेब, रागावू नका. विचित्र विनंती आहे. जहाज सहा दिवस बाहेरच उभं कराल का?”

पलीकडे कप्तान लांब कुणाला तरी ओरडून म्हणाले, “नांगर टाका रे, आला फोन.”

ताईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

“अहो, कालपासून वाट बघतोय,” कप्तान म्हणाले. “अण्णा बरे आहेत ना? दर खेपेला आदल्या दिवशीच थांबा म्हणून फोन करतात. आमची पोरं मासे धरायला गळ काढून बसली होती, पण फोनच नाही. शेवटी म्हटलं, एकदा आत तरी जाऊन येऊ.”

“दर खेपेला?” ताईंनी विचारलं.

वादळ पहिल्या खेपेला लागलं, तेवढंच, असं कप्तानांनी सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते वेळेवर पोचले, तर धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. ट्रक नाही, हमाल नाही, नुसते अण्णा, रडकुंडीला आलेले. त्यांच्या विनवणीवरून कप्तान सहा दिवस बाहेर जाऊन थांबले, आणि तेव्हापासून ही रीतच पडली. आता पुढच्या बंदरालाही ते सहा दिवस धरूनच तारीख देत होते.

“बरं, कारण काय सांगू ताई? नेहमीचंच? खराब हवामान?”

ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं, आणि समुद्र इस्त्री केल्यासारखा पसरला होता. त्यांनी हात लांब करून दोरीची वही ओढून घेतली.

“हो ना,” त्या म्हणाल्या, “फारच खराब आहे हो इकडे.”