नवी बाज

“तुमच्या करुणाच्या रक्तात गुठळ्या व्हायचा धोका दिसतोय. तो तुमच्याकडून, म्हणजे आईकडून आलेला असावा,” डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. “बाळंतपणानंतर इंजेक्शनं देऊच. पण हिला झोपवून ठेवू नका, चालवा.”

बाळंतिणीनं सव्वा महिना बाजेवरून उतरायचं नाही, म्हणून केसरबाईनं शहागंजातून लेकीसाठी नवी बाज आणून ठेवली होती.

“माझी माय मला जन्म देऊन बाजेवरच गेली. पण मला तर कायबी झालं नाय!”

“तुमच्या बाळंतपणात तुम्ही किती दिवस बाजेवर होतात?”

“मला कोण झोपवणार, बाई? माय कुठं होती? दुसऱ्याच दिवशी हंडा उचलला.”

“कदाचित म्हणूनच वाचलात.”

केसरबाई मनगटावरच्या निळ्या शिरेकडं थक्क होऊन बघत राहिली. ज्या पोरकेपणावर ती जन्मभर रडली, त्यानंच तिचं रक्त वाहतं ठेवलं होतं.