पाठीवरचा हात

पुलाजवळच्या चौकात नवरा लॉरीखाली गेला, तेव्हापासून हिल्चेबाई सायकलवर बसल्या नव्हत्या. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या या सायकल-सुरक्षेच्या प्रयोगशाळेतही त्या आपली सायकल हाताने ढकलतच आल्या होत्या.

प्रयोग घेणाऱ्या विट्स्केने त्यांना जमिनीला पक्क्या केलेल्या सायकलवर बसवले आणि डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला. चष्म्यात तोच चौक होता. तिथे किती सुरक्षित वाटते, त्याला दहापैकी गुण द्यायचे होते. आजवर कोणी तीनच्या वर गेले नव्हते.

"दहा," हिल्चेबाई म्हणाल्या.

"बाई, लॉरी दिसली ना तुम्हाला?"

"दिसली की! आंधळी नाही मी. पण तू पाठीवर हात ठेवला होतास ना गं? नवरा माझा, डाउवे, असाच ढकलायचा मला, समोरून वारा असला की. शेजारून सायकल चालवत, एका हाताने. मेला दम म्हणून खाऊ द्यायचा नाही!"

विट्स्के सगळा वेळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, संगणकापाशी बसली होती. पण बाई इतक्या मोकळ्या हसत होत्या की तिला ते सांगवेना. तिने फक्त आकडा लिहून घेतला.

"आज बसूनच जाते घरी," म्हणत बाई जिना उतरल्या.

तेव्हा कुठे विट्स्के खिडकीकडे धावली.

खाली पुलाच्या चढावर समोरून सोसाट्याचा वारा होता. चौकात एक लॉरी वळत होती. हिल्चेबाई मान न वळवता ताठ बसल्या होत्या. त्यांचे पाय पायडलवर स्थिर होते, आणि सायकलचा वेग वाढत होता.