मृण्मयीचा आवाज

स्नेहसंमेलनात मृण्मयीने गळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. मनातलं वाक्य पट्टी अस्खलित बोलून दाखवते, मग तोतरं कोण बोलेल?

पट्ट्या आल्यावर इतर शाळांनी वाणी-उपचारतज्ज्ञांना काढलं होतं. स्वतःच्याच आवाजात बोलू पाहणारी तालुक्यातली सगळी मुलं या शाळेतल्या एकट्या उरलेल्या तज्ज्ञ नेर्लेकरबाईंकडे येत. थकून त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा मुख्याध्यापिका मुजावरबाईंनी तो घेतला नाही. "शांत खोली देते, मुलं निम्मी करते, अहवाल मी लिहिते. तुम्ही फक्त शिकवा."

मंचावर मृण्मयी 'म'वर अडकली. नेर्लेकरबाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने सावकाश श्वास सोडला. "मी मृण्मयी. हा माझा आवाज."

टाळ्या थांबेनात. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "नेर्लेकरबाई आमच्याकडे येतील?"

"विचारून बघा," मुजावरबाई ताठ बसत म्हणाल्या. "जायच्या नाहीत."