पहिलं मूल थोरल्यांचं

“मी देणार नाही,” चिनारा म्हणाली आणि तिने बेकतुरला छातीशी घट्ट धरलं.

तिची सासू बात्मा जाजमावर मांडी ठोकून बसली होती. सत्तरी उलटली, पण आवाज खणखणीत. “देणार नाहीस? तुला विचारतंय कोण? वर्षाचा झाला, दूध सुटलं. पहिलं मूल थोरल्यांचं, ही आपली रीत. आजपासून तो मला आई म्हणेल.”

“आणि मला?”

“तुला काय म्हणायचं ते आम्ही शिकवू त्याला.”

निवाडा करायला गावातले जाणते म्हातारे झुमाबेक येऊन बसले होते. गावात त्यांना सगळे आक्सकाल म्हणत, आणि त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. चिनाराचा नवरा एमिल खाली मान घालून रोटीचे तुकडे करत होता. बायको एकटी भांडतेय आणि हा गडी तुकडे करतोय!

चहा सायरा ओतत होती. ती बात्माच्या थोरल्या मुलाची बायको; नवरा मेंढ्या घेऊन डोंगरात गेलेला. एमिल तिला वहिनी म्हणे, म्हणून ती चिनाराची जाऊबाई. एकोणतीस वर्षं ती या घरात राबत होती, पण तिचा आवाज घराच्या भिंतींनीही क्वचितच ऐकला असेल. तिने पहिला वाडगा एमिलपुढे ठेवला.

“आधी आक्सकालांना, बये!” बात्मा खेकसली. “इतकी वर्षं झाली, हिची खोड काही जात नाही.”

“जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं नाव आहे,” चिनारा म्हणाली. “नारीन शहरातल्या कोर्टात जाईन मी. ताबा मलाच मिळेल.”

झुमाबेक हसले. “ताबा? अगं, ताबा चोरीच्या मेंढीचा घेतात, पोलीस! आपल्यात याला अमानत म्हणतात. लेकरू थोरल्यांच्या हवाली करायचं, ते जिवापाड जपतात.”

“अमानत परत करायची असते, आजोबा. या गावात कोणी केलेली मी तरी ऐकली नाही.”

म्हातारा चहावर फुंकर घालत राहिला.

“जीभ बघा हिची!” बात्मा म्हणाली. “हे काय या घरात पहिल्यांदा होतंय? सायराने पहिलं मूल माझ्या ओटीत घातलं की. एकोणीस वर्षांची होती. हूं की चूं केलं का तिने? विचार!”

सायराच्या दोन मुली बिश्केकला शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. त्यातली थोरली दर वेळी आजीसाठी शाल घेऊन यायची. तिलाच वाढवलं असणार सासूने, असं चिनाराच्या मनात आलं आणि तिचा सगळा राग जावेवर उलटला.

“तुम्ही तेव्हा गप्प बसलात म्हणून आज माझ्यावर ही पाळी आली, जाऊबाई. निदान रडलात तरी का?”

“रडले ना,” सायरा म्हणाली. “गोठ्यात. गायींना ठाऊक आहे.”

“पुरे झाल्या गप्पा,” बात्माने फर्मावलं. “सायरा, घे ते मूल.”

सायराने किटली खाली ठेवली. तिला येताना पाहून चिनारा भिंतीपर्यंत मागे सरली. “तुम्हीसुद्धा? एमिल, तोंड उघड की!”

“आई एवढं म्हणतेय तर...” एमिल पुटपुटला. “तो कुठे लांब जातोय? याच घरात राहणार. रोज दिसेल तुला.”

“खरंय,” सायरा म्हणाली. “रोज दिसतं.”

तिने मूल अलगद काढून घेतलं. चिनाराची नजर अजून एमिलवरच होती. सायराने बाळाच्या डाव्या कानामागे बोट फिरवलं. “इथे तीळ आहे. बापासारखाच.”

चिनारा चमकली. नवऱ्याचा केसांआडचा तो तीळ तिला स्वतःला लग्नानंतर वर्षभराने दिसला होता.

बात्माने ओटी पसरली. सायरा तिच्यासमोर क्षणभर उभी राहिली. मग ती वळली, परत भिंतीपाशी गेली आणि तिने बेकतुरला चिनाराच्या हातांत दिलं.

“सायरा! वेड लागलं का तुला?”

“अमानत म्हणालात ना, आक्सकाल?” सायराने वळून विचारलं. “मग माझीही परत करा.”

तिने एमिलच्या हातातली रोटी काढून घेतली आणि मनगट धरून त्याला उभं केलं.

“सत्तावीस वर्षं वहिनी म्हणालास,” ती म्हणाली. “आता एकदा आई म्हण.”